दामोदरच्या कालव्यात बोटी का चालल्या नाहीत?

घाटवाट

नमस्कार मंडळी. नोकरीनिमित्त पावणेदोन वर्षं पश्चिम बंगालमध्ये, दामोदर नदीकाठच्या दुर्गापूरला होतो, नुकताच परत आलोय. तिथली माझी संध्याकाळची ठरलेली वाट म्हणजे बॅरेजपासून (नदीचं पाणी कालव्यात वळवणारा दारांचा बंधारा) निघणाऱ्या डाव्या कालव्याचा काठ. त्या वाटेवर एक जुनं लॉक लागतं. ज्यांनी पाहिलं नसेल त्यांच्यासाठी सांगतो: लॉक म्हणजे बोट वरच्या पातळीवरून खालच्या पातळीला उतरवायची काँक्रीटची लांबट पेटी. दोन्ही टोकांना दारं. बोट आत घ्यायची, दार लावायचं, पाणी सोडायचं, बोट अलगद खाली बसते, मग पुढचं दार उघडायचं.

पेटीच्या भिंतीत बोटी बांधायला लोखंडी कड्या आहेत. एका संध्याकाळी मी पोटावर पडून त्यातल्या तीन-चार नीट पाहिल्या. सगळीकडून सारख्याच गंजलेल्या. दोर घासून घासून लोखंड एका अंगाला झिजतं, गुळगुळीत होतं, तशी झीज एकाही कडीवर नाही. त्या कड्यांना कधी दोर बांधलाच गेला नसावा.

तेव्हापासून हा विषय डोक्यातून जात नाही. दामोदर व्हॅली कॉर्पोरेशन ७ जुलै १९४८ ला अस्तित्वात आलं. स्वतंत्र भारतातला पहिला बहुउद्देशीय नदीखोरे प्रकल्प. पूरनियंत्रण, सिंचन, वीज आणि चौथी गोष्ट जलवाहतूक. दुर्गापूरपासून हुगळीकाठच्या त्रिवेणीपर्यंत सुमारे १३७ किलोमीटरचा कालवा खोदला, तो शेतीसाठी आणि बोटींसाठीही. राणीगंज-झरियाचा कोळसा पाण्यातून कोलकात्याला जाणार होता. कालवा आहे, पाणी आहे, लॉक आहेत. बोटी नाहीत.

माझा प्रश्न साधा आहे. एकाच खोऱ्यातून वाहतूक, वीज आणि सिंचन तिन्ही काढायचं हे स्वप्नच चुकीचं होतं, की करताना चुकलं? त्या भागात राहिलेल्यांनी, या क्षेत्रात काम केलेल्यांनी कृपया सविस्तर लिहा.

शून्यप्रहर

वाचनखूण साठवली. पोटावर पडून कड्या बघणारा माणूस आवडला.

धनबादी

मी बत्तीस वर्षं कोळशात काढली, त्यामुळे तुमच्या प्रश्नाच्या एका तुकड्याचं उत्तर देऊ शकतो.

कोळसा खाणीतून वर येतो तेव्हा तो रेल्वेच्या साइडिंगवरच येतो. चाळणीतून खाली पडला की थेट वाघिणीत (मालगाडीच्या डब्यात). ती वाघीण हावड्यापर्यंत किंवा गिऱ्हाइकाच्या आवारापर्यंत जाते, मध्ये कोळशाला हात लागत नाही. आता हाच कोळसा कालव्यातून न्यायचा म्हणा. खाणी दुर्गापूरच्या वर, पश्चिमेला. म्हणजे आधी वाघिणीत भरा, दुर्गापूरला उतरवा, बोटीत भरा, लॉकमागून लॉक उतरत त्रिवेणीला न्या, तिथून हुगळीतून खाली, आणि कोलकात्यात पुन्हा उतरवा. प्रत्येक उचलठेवीत मजुरी लागते आणि कोळशाचा चुरा होतो. चुऱ्याला भाव कमी. रेल्वेमार्ग शेजारूनच, जवळजवळ समांतर गेलेला. व्यापारी कशाला कालव्याकडे वळेल?

दुसरी गोष्ट याहून मोठी आहे. कोळसा न्यायची गरजच घटली. खोऱ्यातच बोकारो, चंद्रपुरा, दुर्गापूर अशी औष्णिक केंद्रं उभी राहिली. कोळसा तिथंच जळला आणि तारांवरून वीज गेली. ज्या कॉर्पोरेशनने कालवा खोदला, त्याच कॉर्पोरेशनच्या तारांनी कालव्याचा माल पळवला असं म्हणा हवं तर.

घाटवाट

धनबादीकाका, हा मुद्दा माझ्या कधी डोक्यातच आला नव्हता. मनापासून धन्यवाद. चुऱ्याचं तर अजिबात माहीत नव्हतं.

निळीशाई

धाग्यात बाबासाहेबांचं नाव अजून कसं आलं नाही? मराठी माणसाने दामोदरवर बोलायचं तर तिथूनच सुरुवात व्हायला हवी.

जुलै १९४३. महायुद्ध चालू, जपानी ब्रह्मदेशात, बंगालमध्ये दुष्काळाने माणसं मरताहेत, आणि दामोदरने बर्दवानजवळ डावा बांध फोडला. रेल्वेमार्ग आणि ग्रँड ट्रंक रोड दोन्ही पाण्यात. कोलकात्याचा उरलेल्या देशाशी असलेला मुख्य संबंधच तुटला. सैन्याची रसद याच वाटेने पूर्वेला जायची. एरवी पूर आला की सरकार बांध डागडुजी करून मोकळं व्हायचं, या वेळी ते परवडणारं नव्हतं.

त्या वेळी व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात बाबासाहेब मजूरमंत्री होते (१९४२ ते १९४६), आणि सिंचन व वीज हे विषय त्यांच्या खात्याकडे होते. ३ जानेवारी १९४५ ला कोलकात्यात बंगाल, बिहार आणि केंद्र यांची परिषद त्यांनी घेतली. ऑगस्टमध्ये दुसरी. नुसते पूर अडवायचे नाहीत, त्याच पाण्यातून वीज, शेती आणि वाहतूक काढायची, आणि त्यासाठी प्रांतांच्या सीमा ओलांडणारं एकच प्राधिकरण हवं, ही त्यांची भूमिका होती. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये कटकला महानदीच्या परिषदेत ते बोलले, त्याचा मथितार्थ असा की पाण्याच्या अतिरेकापेक्षा पाण्याच्या अभावाने माणूस जास्त सोसतो, तेव्हा जास्तीचं पाणी समुद्रात लोटून देण्याची वस्तू समजू नका. पुढे हिराकूड त्यातूनच उभं राहिलं.

आपण त्यांना घटनाकार म्हणून ओळखतो आणि तिथंच थांबतो. पाण्याबद्दलचं त्यांचं काम शाळेच्या पुस्तकात एका ओळीपुरतंही माझ्या वाट्याला आलं नव्हतं, याचं मला आजही वाईट वाटतं.

तर्ककर्कश

निळीशाई, बाबासाहेबांचं श्रेय मान्यच. पण इतरांचं कमी करू नका. पुरानंतर बंगाल सरकारने बर्दवानच्या महाराजांच्या अध्यक्षतेखाली चौकशी समिती नेमली, त्यात मेघनाद साहा होते. अमेरिकेतल्या टेनेसी खोऱ्यासारखं प्राधिकरण करा ही शिफारस त्या समितीची. साहांचा जन्म पूर्व बंगालातला, पुराचं पाणी त्यांनी लहानपणापासून अंगावर घेतलेलं. भौतिकशास्त्रातला एवढा मोठा माणूस नद्यांवर वर्षानुवर्षं लिहीत राहिला. आणि प्रत्यक्ष आराखडा टेनेसीहून आलेल्या व्हूरडुइन या अभियंत्याचा, ऑगस्ट १९४५ चा.

निळीशाई

मी कुठे कमी केलं? शिफारस, आराखडा आणि राजकीय निर्णय या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. तीन सरकारांना एका टेबलाशी बसवणं सोपं नव्हतं. १९३५ च्या कायद्याने सिंचन आणि पाण्यापासूनची शक्ती हे विषय प्रांतांकडे होते. बिहारची जमीन बुडणार आणि पूर टळणार बंगालचा! बिहारने का ऐकावं? हा प्रश्न बाबासाहेबांच्या पुढ्यात होता आणि आज झारखंड-बंगाल यांच्यात तोच आहे.

तर्ककर्कश

तीन वेगळ्या गोष्टी हे पटलं. माझ्या प्रतिसादाचा सूर तिखट झाला असेल तर क्षमस्व.

पाणलोट

निळीशाई यांनी शेवटी जे लिहिलंय तिथं खरी मेख आहे. मी जलसंपदा क्षेत्रात आहे, जरा लांब लिहितो.

धरणाचा साठा म्हणजे पिशवी समजा. पूर अडवायचा तर पिशवी रिकामी हवी. सिंचन आणि वीज हवी तर भरलेली हवी. बोटी चालवायच्या तर खालच्या प्रवाहात बारमाही एकसारखी खोली हवी. म्हणजे पिशवीतून रोज थोडं थोडं सोडत राहायचं, शेतकऱ्याचं आवर्तन असो नसो. वीजवाले म्हणणार संध्याकाळी मागणी वाढते, तेव्हा सोडा. शेतकरी म्हणणार भाताच्या लावणीला द्या आणि पुन्हा ऑक्टोबरात दाणा भरताना द्या. एकच पिशवी आणि चार मागणारे.

यावर उपाय नाही असं नाही. उपाय म्हणजे मोठी पिशवी. व्हूरडुइनच्या आराखड्यात आठ धरणं होती, आणि १० लाख क्युसेकचा पूर अडीच लाखांवर आणायचा हिशोब होता. बांधली किती? चार. तिलैया १९५३, कोनार १९५५, मैथन १९५७, पंचेत १९५९. त्यामुळे अपेक्षा उतरवावी लागली: साडेसहा लाखांचा पूर अडीच लाखांवर. त्यातही मैथन आणि पंचेतला वरच्या पातळीपर्यंतची सगळी जमीन संपादित झाली नाही. म्हणजे भिंत आहे तेवढी उंच, पण काठाच्या गावांमुळे पाणी तेवढं चढवता येत नाही. पाचवं धरण तेनुघाट बिहारने पुढे स्वतंत्रपणे बांधलं, मुख्यतः बोकारोच्या उद्योगांच्या पाण्यासाठी. त्यात पुरासाठी राखीव जागाच नाही.

आता तारखा बघा. १९७८ चा महापूर सप्टेंबरच्या शेवटी. २००० चा सप्टेंबरात. २०२४ चा सप्टेंबरात. हा योगायोग नाही. बंगालच्या उपसागरावरचे कमी दाबाचे पट्टे पावसाळ्याच्या शेवटी छोटा नागपूरच्या पठारावर चढतात. नेमक्या त्याच वेळी धरणवाले रब्बीसाठी आणि विजेसाठी साठा भरत आणत असतात. पाऊस आता संपला असं वाटावं आणि तो मागून यावा. अशा वेळी दार उघडणाऱ्या माणसापुढे दोनच पर्याय असतात, आणि दोन्हींत कुणाचं तरी घर आहे.

घाटवाट, स्वप्न चुकीचं नव्हतं असं माझं मत. आठ धरणांचं स्वप्न चार धरणांत कोंबलं, आणि उद्दिष्टांच्या यादीतली एकही ओळ मात्र खोडली नाही.

मिठागर

दामोदरमध्ये भरती दोनच: एक पुराची, दुसरी कामगारांची. बोटीला लागते ती भरती बिचारीला कधी मिळालीच नाही. :)

(पाणलोट, प्रतिसाद अप्रतिम. पिशवीचं उदाहरण मुलीला वाचून दाखवलं.)

हुगळीची सून

माहेर माझं मिरज, सासर हुगळी जिल्ह्यातलं, खानाकुलच्या बाजूला. हा धागा वाचताना हात थांबत होते, पण लिहितेच.

पाणलोट, तुम्ही ज्याला अडीच लाख क्युसेक म्हणता ते आमच्याकडे येतं तेव्हा कसं दिसतं ते सांगते. दामोदर खाली आली की दोन फाटे होतात. जुना आमता फाटा आता नावापुरता, गाळाने भरलेला. बहुतेक पाणी मुंडेश्वरीतून रूपनारायणकडे जातं आणि ते आमच्या अंगावरून जातं. अडीच लाख तर सोडाच, एक लाखाच्या पुढे गेलं तरी काठ ओलांडतं. हिशोब केला तेव्हा नदीच्या पोटात जागा होती, आता नाही.

लग्नानंतरचा माझा पहिला सप्टेंबर. पाऊस थांबून दोन दिवस झालेले, ऊन पडलेलं, मी अंगणात गाद्या वाळत घातल्या होत्या. सासूबाई बाहेर आल्या, आभाळाकडे न बघता फोनवर नवऱ्याला म्हणाल्या, ‘मैथनचं किती सोडलं?’ मला काही कळेना. ऊन असताना पुराची चौकशी! संध्याकाळी गाद्या माळ्यावर, तांदळाची कोठी विटांवर, गाय शाळेच्या उंचवट्यावर. दुसऱ्या दिवशी दुपारी पाणी आलं. आवाज नाही, लाट नाही. आधी उंदीर पळताना दिसले, मग बांधाच्या बिळांतून पाणी बुडबुड करत आलं, मग अंगण चकाकायला लागलं.

आमच्या गोठ्याच्या छताला एक डिंगी टांगलेली असते, लाकडी छोटी होडी. दर वैशाखात तिला डांबर लावतात. तेव्हा घाटवाटदादा, दामोदरच्या पाण्यावर बोटी चालतात. तुम्ही बघितलंत त्या कालव्यात चालत नाहीत एवढंच.

शून्यप्रहर

ताई, काय बोलावं सुचत नाही. लिहिल्याबद्दल आभार.

धनबादी

सूनबाई, तुमच्या सासूबाईंना माझा नमस्कार सांगा. मैथनला गेस्टहाऊसमध्ये राहून त्याच जलाशयाकडे बघत आम्ही कित्येक रविवार मजेत घालवलेत. खालच्या गावात कुणी त्या सांडव्याच्या आकड्याची वाट बघत बसलंय, हे इतक्या वर्षांत खरंच मनात आलं नाही.

नॉक्सव्हिलकर

मी टेनेसी नदीच्या काठी राहते. ज्या नमुन्यावरून दामोदर उभं केलं तो रोज खिडकीतून दिसतो, म्हणून तुलना करावीशी वाटते.

इथं बार्ज खरोखर चालतात. खडी, धान्य, रसायनं. नॉक्सव्हिलपासून पाडुकापर्यंत सुमारे १,०५० किलोमीटर, किमान ९ फूट खोली राखलेली. पण कसं? मुख्य नदीवरच नऊ धरणं एकामागे एक, प्रत्येकाला लॉक. एका धरणाचं फुगवट्याचं पाणी वरच्या धरणाच्या पायथ्याला टेकतं. नदी नदी राहिलेली नाही, तळ्यांचा जिना झालाय. बोट एका तळ्यातून दुसऱ्यात उतरते. पूर अडवायची मोठी धरणं मुख्यतः उपनद्यांवर, डोंगरात. म्हणजे पाणलोट यांच्या भाषेत इथं पिशव्या वेगवेगळ्या आहेत: पुरासाठी डोंगरातल्या, बोटींसाठी खालच्या.

दामोदरमध्ये धरणं सगळी वर पठारावर, खाली एक बॅरेज, आणि बोटींसाठी नदी नाही तर कालवा. कालव्याची रुंदी आणि खोली शेतीच्या पाण्यावर ठरणार. पाऊसही वेगळा. इथं बाराही महिने पडतो, तिथं बहुतेक सगळा चार महिन्यांत.

आणखी एक गोष्ट. १९३३ च्या इथल्या कायद्यात जलवाहतूक ठळकपणे आहे, त्याचं एक कारण घटनेतलं आहे. केंद्र सरकारला वीज विकायचा उघड अधिकार नव्हता, पण राज्याराज्यांतल्या व्यापारावर, म्हणून नौकानयनाच्या नद्यांवर होता. धरण वाहतुकीसाठी आणि पुरासाठी, वीज त्यातून ओघाने येते, अशी मांडणी होती. कोर्टात १९३६ ला ती टिकली. म्हणजे अमेरिकेत बोट हा कायद्याचा पाया होता. ती भारतात आली तेव्हा तिचं ते काम उरलं नव्हतं.

तर्ककर्कश

हा प्रतिसाद सोन्यासारखा आहे. नक्कल करताना खांब उचलला, पण तो कशाला टेकू देत होता ते मागेच राहिलं.

गाळपेरा

सगळे धरणांवर बोलताहेत, मला मुळात पूर ‘अडवणं’ यावरच बोलायचंय. विल्यम विलकॉक्स नावाचा सिंचन अभियंता, इजिप्तमध्ये आयुष्य घातलेला, म्हातारपणी कोलकाता विद्यापीठात व्याख्यानं देऊन गेला. त्याचं म्हणणं असं की बंगालचे जुने शेतकरी पुराचं गढूळ पाणी मुद्दाम शेतात घ्यायचे. गाळाने जमीन सुपीक व्हायची आणि त्या पाण्याबरोबर मासे येऊन डासांच्या अळ्या खायचे. बांध आणि रेल्वेचे भराव आले, गाळ बंद झाला, पाणी साचलं, हिवताप आला. एकोणिसाव्या शतकात बर्दवानचा ताप म्हणून जी साथ कुप्रसिद्ध होती ती आठवा. रेल्वे वाचवायची म्हणून डाव्या बांधाला मजबुती दिली आणि उजवीकडचा बांध मैलोन् मैल काढून टाकला होता हेही विसरू नका. कोणाच्या अंगावर पाणी घालायचं हे धरणांच्या शंभर वर्षं आधीपासून ठरत आलंय.

दुसरे कपिल भट्टाचार्य. बंगालचेच अभियंते. दामोदरचा पूर अडवला तर खालचा गाळ धुणारा लोट नाहीसा होईल आणि हुगळीचं पात्र भरत जाईल असं त्यांनी पन्नासच्या दशकातच बजावलं होतं. त्यांना त्याबद्दल खूप सोसावं लागलं.

पाणलोट

गाळपेरा, भट्टाचार्यांच्या इशाऱ्यात तथ्य होतं हे मान्य. मुंडेश्वरीकाठी ताईंनी जे लिहिलं तो त्याचाच पुरावा मानता येईल. पण विलकॉक्सचं जसंच्या तसं घेऊ नका. त्याच्या ‘प्राचीन कालवे’ या सिद्धांतावर तेव्हाही अभियंत्यांनी आक्षेप घेतले होते. शिवाय ज्या काळात पूर शेतात घेणं शक्य होतं तेव्हाची लोकसंख्या आणि आजची यात किती अंतर आहे! आज बर्दवानमध्ये मोकळं शिवार आहेच कुठे, जिथं पाणी पसरू द्याल?

गाळपेरा

लोकसंख्येचा मुद्दा मान्य. पण मग प्रश्न उरतोच: पसरायला जागा नाही आणि साठवायलाही नाही, तर पाणी जाणार कुठे?

मोहाची फुलं

साठवायला जागा नाही असं सहज लिहिलं जातंय, म्हणून. जी जागा साठवायला घेतली ती कुणाची होती तेही येऊ द्या.

पंचेतच्या जलाशयात तेलकुपी नावाचं गाव गेलं. तिथं शेकडो वर्षांपूर्वीची दगडी देवळं होती, एक दोन नाही, पुष्कळ. आता पाण्याबाहेर दोन-तीन शिखरं दिसतात. मी मार्चमध्ये होडीने गेले होते. नावाड्याने वल्हं थांबवलं आणि खाली बघा म्हणाला. हिरवट पाण्यात दगडाची एक आडवी कड दिसली, त्यावर कोरलेली नक्षी. तो म्हणाला, ‘आमचं घर याच्या पलीकडे होतं, आजोबा सांगायचे.’ हात त्याने पाण्याकडे केला होता.

गावं मुख्यतः संथाळांची आणि गरीब शेतकऱ्यांची. जमिनीला जमीन, घराला घर असं धोरण कागदावर होतं, आणि त्या काळाच्या मानाने ते पुढारलेलंच म्हणावं लागेल. पण बदल्यात मिळालेली जमीन माळरानाची, आणि गेलेली नदीकाठची. बहुतेकांनी रोख पैसे घेतले आणि ते पैसे टिकले नाहीत. ६ डिसेंबर १९५९ ला पंचेतचं उद्घाटन नेहरूंनी धरणावर काम करणाऱ्या एका संथाळ तरुणीच्या हातून करवलं. तिने नेहरूंना हार घातला म्हणून गावाने तिचं लग्न लागलं असं मानलं आणि तिला बाहेर काढलं. पुढे तिची नोकरीही गेली. तिची नोकरी परत मिळायला कित्येक वर्षं गेली.

धरण नको असं माझं म्हणणं नाही. त्या धरणाच्या विजेवर खोऱ्यात लाखो लोकांचं पोट चाललंय हे मला दिसतं. फक्त ‘जागा’ हा शब्द वापरताना जरा थांबा.

पाणलोट

मोहाची फुलं, थांबलो. तुमचं बरोबर आहे. आमच्या आकडेमोडीत तो रकाना ‘बुडित क्षेत्र’ एवढाच असतो.

धनबादी

विजेचा विषय निघालाय तर एक दुरुस्ती. त्या ‘धरणाच्या विजेवर’ नाही. मैथन ६० मेगावॉट (जमिनीखालचं वीजघर, बघण्यासारखं आहे), पंचेत ८०, तिलैया ४. सगळं मिळून दीडशेच्या आत. कॉर्पोरेशनची औष्णिक क्षमता आज ६,००० मेगावॉटच्या वर आहे. धरणाचं पाणी चाकं फिरवण्यापेक्षा औष्णिक केंद्रं, पोलाद कारखाने आणि शहरं यांना पाणी पुरवण्यात जास्त खपतं. नदीखोरे महामंडळ म्हणून जन्माला आलेली संस्था वीज कंपनी म्हणून वाढली, कारण पैसा विजेत होता. पूर अडवल्याचं बिल कुणाला पाठवणार? कालवे आणि बॅरेज तर १९६४ मध्येच पश्चिम बंगाल सरकारकडे गेले. पाणी सोडणारे वेगळे, पाणी वाटणारे वेगळे.

दुर्गापुरी

बॅरेज म्हटलं की मला २०२० आठवतं. एक दार वाकलं आणि दुरुस्तीसाठी सगळा पाणसाठा सोडून द्यावा लागला. २०१७ लाही असंच झालं होतं. मी पुलावरून पाहिलं: जिथं रोज पाणी बघायची सवय, तिथं वाळू, वाळूत डबकी, आणि गुडघाभर चिखलात लोक हाताने मासे धरताहेत. आमच्या वसाहतीत तोवर टँकर आले होते. पाच मजले बादल्या चढवल्या. एका दारावर अख्खं शहर अवलंबून आहे हे तेव्हा कळलं.

कलमबहाद्दर

उशिरा आलो. सगळे प्रतिसाद वाचले, आणि घाटवाट यांच्या मूळ प्रश्नाकडे परत जातो, कारण त्याचं एक उत्तर १९४८ च्या कायद्यातच बसलेलं आहे. मी वकिली करतो, कलमं वाचायची खोड आहे.

कलम १२ मध्ये कॉर्पोरेशनची कामं दिली आहेत. सिंचन, वीज, पूरनियंत्रण, जलवाहतूक, वनीकरण, सार्वजनिक आरोग्य, सगळं आहे. वाचून वाटतं सगळी भावंडं सारखी. आता पैशाची कलमं बघा. प्रकल्पाचा खर्च ‘तीन मुख्य उद्दिष्टांत’ वाटायचा: सिंचन, वीज, पूरनियंत्रण. विजेचा भांडवली वाटा तिन्ही सरकारांनी समान उचलायचा. सिंचनाचा राज्यांनी. पूरनियंत्रणाचा १४ कोटींपर्यंत केंद्र आणि पश्चिम बंगालने निम्मा निम्मा, त्यावरचा सगळा बंगालने. बिहारला पुराचा खर्च नाही, कारण पूर बिहारात नाही. इथवर चोख.

जलवाहतूक? ती ‘इतर’ कामांत. तिच्यावर कॉर्पोरेशनला योग्य वाटेल तेवढं खर्चावं आणि तो सामायिक खर्च म्हणून धरावा. म्हणजे कुठल्याही सरकारने तिच्यासाठी स्वतःच्या खिशातून ठरावीक हिस्सा द्यायचा नाही, आणि ती बंद पडली तर कुठल्याही सरकारचा हिस्सा बुडत नाही. विजेसाठी तिघं भांडतील, पाण्यासाठी दोघं, पुरासाठी बंगाल एकटा ओरडेल. बोटीसाठी भांडायला कायद्याने कुणालाच उभं केलेलं नाही.

नदीखोऱ्याचा एकसंध विचार करायची तरतूद देशाने नंतरही केली. राज्यघटनेच्या केंद्र सूचीतली ५६ वी नोंद (आंतरराज्य नद्यांबद्दलची) आहे, १९५६ चा नदी मंडळ कायदा आहे. त्या कायद्याखाली आजवर एकही मंडळ प्रत्यक्ष उभं राहिलं नाही. मला हे दामोदरच्या बोटींपेक्षा मोठं नुकसान वाटतं.

निळीशाई

कलमबहाद्दर, दंडवत. प्राधिकरणाची कल्पना १९४५ ला मांडणाऱ्याने पुढे घटनेत आंतरराज्य नद्यांसाठी जागा करून ठेवली होती. ती जागा रिकामी राहिली.

घाटवाट

इतक्या लोकांनी इतकं लिहिलं, मी भारावून गेलोय. मी एका गंजलेल्या कडीवरून विचारलं होतं. आता ती कडी डोळ्यांसमोर येते तेव्हा तिच्यामागे वाघिणीत पडणारा कोळसाही दिसतो, टेनेसीच्या तळ्यांचा जिनाही दिसतो, आणि ती कुणाच्याच खात्यावर नव्हती हेही दिसतं. माझं मत आता असं झालंय की स्वप्न खोटं नव्हतं. त्याला सगळ्यांत जास्त गरज होती ती खोऱ्याला एक धरणाऱ्या माणसांची, आणि आपण ते काम आधी राज्यांत, मग खात्यांत वाटून टाकलं. पुन्हा दुर्गापूरला गेलो तर खाली खानाकुलपर्यंत जाणार आहे. आधीच जायला हवं होतं.

हुगळीच्या ताई, एक विचारू? तुमची ती डिंगी पाण्यात असते तेव्हा दोर कशाला बांधता?

हुगळीची सून

विजेच्या खांबाला. पाणी चढलं की अंगणात तोच एक हलत नाही. लाईन तेव्हा वरूनच बंद केलेली असते, म्हणून भीती नसते. आमच्या दारातल्या खांबावर कमरेच्या उंचीला दोराची खाच पडली आहे. या दादा, दाखवते.